बाविसावं प्रकरण

गुंजाळ सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. फोन त्यांच्या मुलीचा, शैलाचा, संगमनेरहून. "मालतीकाकू, बाबा आज पहाटे गेले... झोपेतच," एवढं बोलून ती थांबली. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर पहिला विचार असा आला, की आता मला अस्वलाचं कोण विचारणार? शोकाच्या वेळी असा विचार यावा याची लाज वाटली, पण आला तो आलाच. गेल्या दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले होते. नव्वदी गाठलेली, कानांनी दगा दिलेला, पण मला पाहताच खुर्चीत ताठ झाले आणि म्हणाले, "काय मालतीबाई, अजून अस्वल मागतंय का कुणी?" आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. शैला आणि तिचा नवरा एकमेकांकडे बघत राहिले. हे अस्वल काय आहे ते सरांनी घरात कधी सांगितलंच नव्हतं. आता सर जाऊन पाच आठवडे झाले. सांगायला हरकत नाही असं वाटतं, आणि सांगणारं माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलंही नाही.

माझे यजमान कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. लग्न होऊन मी त्या कॉलनीत आले तेव्हा विशीतली, मॅट्रिक झालेली, दुपारभर करायचं काय हे न कळणारी मुलगी होते. कामगार वाचनालयाला माणूस हवं होतं, ते काम मी मागून घेतलं. दोन खोल्या, चार कपाटं, एक लांब टेबल, आणि सगळ्यावर मळीचा आंबूस वास. पुस्तक उघडलं की तो पानांतूनही यायचा. रंगनाथ गुंजाळ कारखान्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि शाळा सुटली की थेट वाचनालयात येऊन बसायचे. उंच, सडपातळ, बोलणं तुटक. कॉलनीत त्यांना मान होता तो दोन कारणांसाठी. एक म्हणजे ते संगमनेरकडच्या कोरडवाहू रानातून शिकून वर आले होते. आणि दुसरं, त्यांच्या नावावर एक पुस्तक होतं. एका जुन्या, नावाजलेल्या इंग्रजी साहसी कादंबरीचं त्यांनी मराठी भाषांतर केलं होतं, 'उत्तरेची वाट' नावाचं. नगरच्या एका छोट्या प्रकाशकाने ते अकरा वर्षांपूर्वी छापलं होतं. मान होता, पण वाचलं कुणी नव्हतं. वाचनालयात दोन प्रती होत्या, त्यांच्या पानांच्या कडा अजून कोऱ्या होत्या. मी वाचलं होतं, कारण लेखक रोज समोर बसायचा. दुसरी आवृत्ती निघावी ही सरांची फार इच्छा होती. बोलायचे नाहीत, पण कपाटाजवळून जाताना त्या दोन प्रतींवर एकदा हात फिरवायचे, ते मला दिसायचं.

गोष्ट अशी होती. मार्टिन आणि ओवेन हे दोघे भाऊ. एक हरवलेलं जहाज शोधायला निघालेल्या दुसऱ्या जहाजावर ते चढतात. थोरला मार्टिन सुतार, धाकटा ओवेन नकाशे काढणारा. जहाज उत्तरेच्या समुद्रात बर्फात अडकतं आणि मग सगळे बर्फ वितळायची वाट बघत बसतात. पाणी किती खोल आहे ते मोजतात, ओले झालेले पाव वाळवतात, दोर विणतात. ही वाट बघणं म्हणजे नव्वद पानं. एके ठिकाणी लांबवर एक पांढरं अस्वल दिसतं आणि निघून जातं. मार्टिन तापाने जातो. शेवटी ओवेन एकटा, एक नकाशा घेऊन परत येतो. मला ते पुस्तक आवडलं होतं, पण दुसऱ्यांदा वाचावं असं काही वाटलं नव्हतं.

एकाहत्तर-बहात्तरचा हंगाम होता. डिसेंबरातल्या युद्धाचा ब्लॅकआऊट संपला होता, कॉलनीतले दिवे पुन्हा लागले होते, आणि कारखान्याच्या क्लबाने त्या आनंदात एक मोठा सिनेमा आणायचं ठरवलं. टेम्पोवर कर्णा लावून चार दिवस पुकारा चालला होता : जगप्रसिद्ध इंग्रजी कादंबरीवरचा रंगीत चित्रपट, आता हिंदीत. नाव ऐकलं आणि मी सरांकडे धावले. त्यांचंच पुस्तक. सर चष्मा पुसत राहिले. पण त्या दिवशी त्यांनी शाळेत पोरांना गृहपाठ दिला नाही, म्हणजे मनातून केवढे खूश होते ते समजा. सिनेमाच्या दिवशी मात्र त्यांची दाढ दुखायला लागली. ती खरंच दुखत होती की नाही याची मला आजही शंका आहे. ते आले नाहीत, आणि तो सिनेमा त्यांनी आयुष्यात कधीच पाहिला नाही.

साखरेच्या गोदामासमोरच्या मैदानात दोन बांबूंना पडदा बांधायचे. कॉलनीतली मंडळी पडद्यासमोर सतरंज्या टाकून बसायची. ऊस घेऊन आलेले गाडीवान आणि तोडणीची माणसं पडद्याच्या मागे बसायची. तशी रीतच होती. मागूनही चित्र दिसतं, फक्त उलटं, डावा हात उजवा होतो. सिनेमा काय सांगू, फक्कड होता. गोरी माणसं फर्ड्या हिंदीत भांडत होती. कप्तानाची मुलगी पुरुषाचे कपडे घालून जहाजावर लपलेली, ती ओवेनच्या प्रेमात. खलाशांचं बंड. अस्वल तंबू फाडून आत येतं आणि ओवेन नुसत्या सुऱ्याने त्याच्याशी झुंजतो. दारूच्या पिंपांना आग लागून अर्धं जहाज उडतं. शेवटी बंदरावर लग्न. मध्ये थोरला भाऊ मरतो, त्याला पुरतात, तो एक भाग तेवढा संथ होता आणि त्या वेळी आमच्या बाजूला बायका मुलांना पाणी पाजत होत्या. मीही कुणाशी तरी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधी दारात रांग. दोन प्रती आणि चाळीस माणसं. मी नंबर लावून दिले, एका माणसाला चार दिवस. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्रामागे बसून होते, पण वर्तमानपत्राचं पान उलटत नव्हतं. चार दिवसांनी पहिल्या दोन प्रती परत आल्या. आणणाऱ्यांचे चेहरे लग्नात जेवण संपल्यावर पोचलेल्या माणसांसारखे. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर अभिप्राय लिहायची आमच्या वाचकांची जुनी खोड. महिन्याभरात ते पान भरून गेलं. "सिनेमा सरस, पुस्तकात काही नाही." "कप्तानाची मुलगी कोठे आहे?" "अस्वल फक्त दिसते व जाते." "पाव वाळवण्यात फार पाने घालविली आहेत." खाली कुणीतरी लाल पेन्सिलीने, "वाचू नये."

इथवर ठीक होतं. पण लोक तिथे थांबले नाहीत. सिनेमा जगप्रसिद्ध कादंबरीवरचा, असं टेम्पोवरून चार दिवस ऐकलेलं. म्हणजे सिनेमात जे होतं ते कादंबरीत असणारच. मग मराठीत ते नाही, याचा अर्थ गुंजाळ मास्तरांनी गाळलं. बॉयलरवरचे तुकाराम म्हणाले, "कटाळा केला आसंल मास्तरांनी. येवढं जाड इंग्रजी पुस्तक, कोन समदं लिव्हीत बसतंय." डॉक्टरांच्या बाईंचं मत त्याहून पुढचं. "शाळेतली मुलं वाचतील म्हणून सरांनी ती मुलगीच काढून टाकली हो. मास्तर लोकांचं असंच असतं." हे मत महिला मंडळात एकदम पटलं. एवढंच नव्हे, गाळलेली पानं सरांच्या घरी आहेत आणि मागितली तर ते मोठ्या माणसांना देतील, अशीही बातमी पसरली. दोन बायका हळूच माझ्याकडे शब्द टाकून गेल्या.

मी सरांच्या बाजूने कडाकडा भांडले. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांचं वाक्य होतं, "मूळ ग्रंथातील एक ओळही मी गाळलेली नाही, की पदरची घातलेली नाही." ते मी येईल त्याला वाचून दाखवायची. सरही पहिले आठ दिवस धुमसत होते. एके दिवशी त्यांनी मूळ इंग्रजी पुस्तक आणून टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "ज्याला शंका असेल त्याने ताडून बघावं." ताडून बघण्याइतकं इंग्रजी कॉलनीत चार जणांना येत असेल, आणि त्या चौघांना वेळ नव्हता. पुस्तक तिथेच पडून राहिलं.

मग सरांचा राग हळूहळू कुतूहलात बदलला, आणि तिथून ते मला खरे आवडायला लागले. पुस्तक परत करायला आलेल्या माणसाला ते बसवायचे, चहा मागवायचे आणि विचारायचे, "तुम्हाला नक्की काय सापडलं नाही?" उत्तरं शाळेच्या वहीत लिहून घ्यायचे. वाद घालायचे नाहीत. अस्वल हवं असलेले किती, मुलगी हवी असलेले किती, स्फोट किती. त्यात तिघांनी कप्तानाच्या कुत्र्याबद्दल विचारलं. "कुत्रं बर्फावरनं पळत जातं, ते लई चांगलं हुतं, तेबी न्हाई." आता सिनेमात कुत्रा नव्हता, मी डोळ्यांनी पाहिला होता सिनेमा. पुस्तकात नव्हता, इंग्रजीतही नव्हता. सर त्या कुत्र्याने वेडे झाले. "मालतीबाई, अस्वल सिनेमावाल्यांनी आणलं. हा कुत्रा कुणी आणला?" आठवडाभर ते त्या तिघांच्या मागे फिरत होते. तिघे कुठे बसले होते, कुत्रा कुठून कुठे गेला, रंग कोणता. रंग काळा, नुसता काळा. अखेर उलगडलं. सिनेमा चालू असताना कँटीनच्या मागचं एक कुत्रं यंत्राच्या झोतातून आडवं गेलं होतं आणि त्याची सावली पडद्यावरच्या बर्फातून पळत गेली होती. हे कळल्यावर सर इतके हसले की खोकल्याची उबळ आली. म्हणाले, "बघा, माणसं किती मनापासून बघतात. आमच्या पुस्तकात सावलीलासुद्धा जागा हवी होती."

फेब्रुवारीच्या सुमारास ज्ञानू वाचनालयात आला. ज्ञानू पाथर्डीकडचा गाडीवान, चाळिशीचा. दिवाळीनंतर बायको आणि बैलगाडी घेऊन ऊसतोडीला यायचा, पावसाळ्याआधी परत जायचा, आणि गावाकडे विहिरी खणायचा. चौथी शिकलेला. गाडीवानांना वाचनालयाचं सभासद होता येत नव्हतं. मी यजमानांच्या नावावर त्याला पुस्तकं द्यायची. उसाच्या वजनकाट्यावर गाड्यांची अर्धा अर्धा दिवस रांग लागायची. त्या रांगेत उसाच्या मोळ्यांवर बसून तो एकेका ओळीखाली बोट ठेवत वाचायचा. 'उत्तरेची वाट' मी त्याला नंबराबाहेर दिलं, ते त्याने तीन आठवडे ठेवलं. आणून टेबलावर ठेवलं तेव्हा सर समोरच होते. त्यांनी वही उघडली. "बसा. काय सापडलं नाही?"

ज्ञानू बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "समदं हाय की, सर. लई खरं लिव्हलंय. थांबायचं तर लईच खरं. आमी काट्यावर बसतो तसंच हाय त्ये. मानूस दोरी वळतं, पाव वाळिवतं, काय करनार."

मी सरांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्या नव्वद पानांचं कौतुक करणारा हा पहिला माणूस. सरांचा चेहरा असा काही उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. "आणि अस्वल?" त्यांनी विचारलं.

"अस्वल कशाला मानसाच्या नादी लागतंय. गेलं आसंल त्याच्या वाटंनं." मग तो जरा घुटमळला. "फकस्त त्या भावाला पुरायचं न्हाई यात."

"आहे की," मी म्हणाले. "मार्टिनला पुरतात."

"येका वळीत पुरलाय, ताई. आन् दुसऱ्या दिशी फुडं निघालं म्हनं. येका दिसात कसं हुईल? बर्फ म्हंजी खडक झाल्याला. शिनेमात त्यो धाकटा तीन दिस खनत हुता. येकटा. बोलनं न्हाई, गानं न्हाई, नुसता कुदळीचा आवाज. आमच्या बाजूला समदे गप झाले हुते." त्याने सरांकडे बघितलं. "इंग्रजीत बी तसंच आसंल न्हवं?"

सरांनी वही मिटली. "बघून सांगतो," म्हणाले आणि चहा न घेता उठून गेले.

माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. टेबलावर इंग्रजी पुस्तक होतंच. मी शेवटचं पान उघडलं. एकतीस प्रकरणं. मराठी उघडलं. तीस. बोट लावून दोन्हींची प्रकरणं जुळवत गेले. एकविसाव्यापर्यंत जोडी बरोबर जमली, मग इंग्रजीतलं बाविसावं मराठीत नव्हतं, आणि त्याच्या पुढच्या मराठी प्रकरणाच्या सुरुवातीला ती ज्ञानूने म्हटलेली एक ओळ. शब्दकोश घेऊन दोन दुपारी मी ते बाविसावं प्रकरण लावत बसले. ओवेन तीन दिवस भावासाठी बर्फात खड्डा खणतो. दुसरं काही घडत नाही. मला फार राग आला. मी या माणसासाठी अख्ख्या कॉलनीशी भांडले होते.

तिसऱ्या दिवशी सर आले. मी सरळ विचारलं, "सर, बाविसावं प्रकरण कुठं गेलं?"

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "जरा लांबण वाटली ती."

"नव्वद पानं पाव वाळवलेत, ती लांबण नव्हती?"

ते निघून गेले आणि पुढचे बारा दिवस वाचनालयात फिरकले नाहीत. ते बारा दिवस मला फार जड गेले. लहान तोंडी मोठा घास घेतला असं वाटत होतं, आणि तरी आपलं चुकलं असं म्हणवत नव्हतं. तेराव्या दिवशी आले ते हातात एक पत्र आणि काही कागद घेऊन. पत्र नगरच्या प्रकाशकाचं. सिनेमा जिल्हाभर गाजतोय, दुसरी आवृत्ती ताबडतोब काढू, पण सिनेमातले प्रसंग घाला, अस्वल आणि मुलगी तर हवीच. मुखपृष्ठावर अस्वलच टाकू. सरांनी कागद माझ्यासमोर ठेवले. आठ पानं होती. "हे अस्वल," म्हणाले. "एका बैठकीत लिहिलं. खोटं कशाला सांगू, मजा आली." मी वाचलं. छान होतं. सिनेमापेक्षा छान. माझ्या मनात आलं, आता हे छापून येणार, सरांची इच्छा पुरी होणार, आणि प्रस्तावनेतलं ते वाक्य आता दोन्हीकडून खोटं होणार.

"अस्वल आठ पानं एका दुपारी," सर म्हणाले, "आणि ते प्रकरण अकरा वर्षांत एक ओळ नाही. तेव्हा पाच वेळा बसलो होतो लिहायला. मग प्रस्तावनेत ते वाक्य घातलं... म्हणजे कुणी शोधायला जाणार नाही." मग त्यांनी एकदम विचारलं, "ज्ञानूच्या गाड्या कधी परत जाणार?"

मी यजमानांकडून ऐकलं होतं. कारखान्याचा पट्टा आठ-दहा दिवसांत पडणार होता, म्हणजे हंगाम संपणार होता. तोडणीची माणसं दुसऱ्याच दिवशी गाड्या भरून गावाकडे निघतात, एक दिवस जास्त थांबत नाहीत. सरांनी मान हलवली आणि कागद उचलून गेले. त्यानंतर मला ते दिसायचे ते फक्त शाळेतून घरी लगबगीने जाताना. दाढी वाढलेली. एकदा त्यांच्या बायकोने मला वाटेत अडवून विचारलं, "ह्यांना काय झालंय हो? जेवताना पण लिहितात आणि लिहिलेलं फाडतात." मी रोज कारखान्याच्या धुराड्याकडे बघायची आणि धूर दिसला की हायसं वाटायचं.

पट्टा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या दारात उभे. "चला," एवढंच म्हणाले. गाडीतळावर तोडणीवाल्यांच्या निम्म्या कोप्या, म्हणजे झोपड्या, मोडल्या होत्या, पाचट उडत होतं. ज्ञानू गाडीच्या आखाला वंगण लावत होता, त्याची बायको भाकरी फडक्यात बांधत होती. सर खाली पडलेल्या जुवावर बसले आणि खिशातून कागद काढले. "ज्ञानू, ते पुरायचं लिहिलंय. ऐकता का?"

ज्ञानूने हात पुसले आणि समोर उकिडवा बसला. त्याची बायकोही गाठोडं मांडीवर घेऊन बसली. सर वाचायला लागले. पहिल्या दिवशी ओवेनची कुदळ बर्फावरून नुसती घसरते. इतर खलाशी मदतीला येतात, त्यांना तो परत पाठवतो. सर वर्गात वाचतात तसंच वाचत होते, स्पष्ट, सपाट आवाजात. ज्ञानू मधून मधून मान डोलवत होता, एकदा म्हणाला, "कडंनं खनाया पायजे," आणि पुढच्याच ओळीत ओवेनही कडेने खणायला लागला तेव्हा त्याने बायकोकडे अभिमानाने बघितलं. दुसरा दिवस संपला. सर वाचत होते, "तिसऱ्या दिवशी सकाळी ओवेनने भीमाच्या अंगावरचा कोट नीट केला..."

"भीमा कोन?" ज्ञानूने विचारलं.

सर थांबले. "काय?"

"भीमा म्हनला तुमी. भाऊ मार्टिन हाय न्हवं?"

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मी त्यांच्या खांद्यामागून पाहिलं. त्यांच्या वळणदार अक्षरात तेच लिहिलेलं होतं, भीमाच्या. सर कागद गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "भीमा माझा थोरला भाऊ. दुसऱ्यांच्या विहिरी खणायला जायचा. त्याच्या रोजावर मी नगरला कॉलेजात शिकलो. सुरुंग उशिरा उडाला. माझी बी.ए.ची परीक्षा चालू होती, म्हणून वडिलांनी कळवलं नाही. परीक्षा संपवून घरी गेलो तर दहावं झालेलं."

मी सरांना चार वर्षं रोज बघत होते. त्यांना भाऊ होता हेच मला माहीत नव्हतं.

"म्हंजी तुमी हातच लावला न्हाई त्याला," ज्ञानू म्हणाला.

"नाही."

ज्ञानू विहिरी खणणारा माणूस. सुरुंग उशिरा उडतो म्हणजे काय, ते त्याला सांगायची गरज नव्हती. बैल हलत होते, आधीच्या गाड्या रस्त्याला लागल्या होत्या, कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने हात वर करून त्यांना जायला सांगितलं. मग सरांना म्हणाला, "वाचा, सर. फुडं वाचा. पुरून हू द्या."

सरांनी वाचलं. मध्ये थांबले नाहीत. ओवेन खड्ड्यात उतरतो, भावाला हातांवर घेऊन खाली ठेवतो, वर येतो, आणि बर्फ परत लोटायलाही त्याला संध्याकाळ होते. संपलं तेव्हा ज्ञानूची बायको पदराने डोळे पुसत होती. ज्ञानू उठला, सरांच्या पायाला हात लावायला वाकला, तर सरांनी त्याला मध्येच धरलं. गाडी हलली, धूळ बसेपर्यंत आम्ही तिथे उभे होतो. पुढच्या हंगामात दुष्काळ होता, ऊसच नव्हता. ज्ञानू परत आमच्या कारखान्यावर आलेला मला दिसला नाही.

प्रकाशकाला सरांनी कळवलं, की अस्वल मिळणार नाही, त्याऐवजी एक प्रकरण घ्या आणि प्रस्तावनेतलं एक वाक्य काढा. उत्तर आलं नाही. दुसरी आवृत्ती कधी निघाली नाही. अस्वलाची आठ पानं सरांनी मला वाचायला म्हणून दिली आणि कधी परत मागितली नाहीत. बाविसावं प्रकरण मात्र त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं आणि गव्हाच्या खळीने आम्ही दोघांनी मिळून ते वाचनालयाच्या एका प्रतीत जागच्या जागी चिकटवलं. प्रस्तावनेतल्या वाक्यावर त्यांनी काट मारून सही केली. चिकटवण्याआधी मी विचारलं, "सर, तिथे नाव मार्टिन करायचं ना?" त्यांनी ब्रश खळीत बुडवला आणि म्हणाले, "राहू द्या." पुढे आम्ही नाशिकला आलो, ते संगमनेरला गेले. भाषांतर त्यांनी पुन्हा केलं नाही. पण कुणाच्या हातात पुस्तक दिसलं की विचारायचे, काय सापडलं नाही? आणि उत्तर कितीही वेडगळ असलं तरी मनापासून ऐकून घ्यायचे.

परवा मी मुद्दाम कॉलनीत गेले. वाचनालय आहे, पण आता तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं अभ्यासाला बसतात. ग्रंथपाल बाई भल्या होत्या, त्यांनी जुन्या कपाटाची किल्ली शोधून दिली. 'उत्तरेची वाट' तळाशी सापडलं, पाठ उसवलेली, मळीचा वास अजून जागेवर. चिकटवलेली पानं बाकीच्या पुस्तकापेक्षा जास्त काळवंडली होती. याचा अर्थ लोकांनी ती वाचली होती. तिसऱ्या दिवसाच्या सकाळच्या ओळीवर बोट ठेवलं आणि थबकले. कुणा दक्ष वाचकाने पेन्सिलीने 'भीमाच्या'वर आडवी रेघ मारून वर 'मार्टिनच्या' लिहिलं होतं, आणि समासात, "नावात चूक."

मी बाईंकडे खोडरबर मागितलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो, कोण वाचतंय आता." मी खुर्ची ओढून बसले आणि कागद फाटू नये म्हणून अगदी हलक्या हाताने खोडायला लागले. रेघ गेली, मार्टिन गेला, समासातली चूक गेली. भीमा शाईने लिहिलेला होता, तो राहिला.